‘च’ आणि ‘ही’ : रोजच्या वादांतील विज्ञान

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी वर्षानिमित्त जोगेश्वरी येथे दिलेल्या भाषणाचा मजकूर)



पन्नास वर्षांच्या वाटचालीचा गौरव करणारी भाषणे या व्यासपीठावरून झाली आणि पुढेही होतील. मला दिलेला विषय मात्र निराळा आहे. मी कापडाचा व्यापारी. शिक्षण वाणिज्य शाखेच्या पदवीपर्यंत. मी शास्त्रज्ञ नाही आणि पंडितही नाही. अशा माणसाने विज्ञानावर बोलावे, हे कोणाला धाडसाचे वाटेल. परंतु आपण सारेच दिवसातून दोन-चार वेळा विज्ञानावर बोलत असतो. फक्त त्याला व्याख्यान न म्हणता गप्पा म्हणतो. पंखा हळू ठेवला तर वीज वाचते काय? गच्चीवरचा मोबाइलचा टॉवर घातक काय? उन्हाळ्यात सुती बरे की टेरिकॉट? हे वाद दुकानाच्या ओट्यावर होतात, सोसायटीच्या बाकावर होतात आणि लोकलच्या डब्यात तर हमखास होतात. जोगेश्वरीला जलद गाड्या सहसा थांबत नाहीत. त्यामुळे आम्हां धिम्या गाडीच्या प्रवाशांना वादासाठी वेळही भरपूर मिळतो.

या वादांना कोणी रिकामटेकडेपणा म्हणू नये. या शहराला त्यांची जुनी परंपरा आहे. १८४८ साली एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमधील विद्यार्थ्यांनी व प्राध्यापकांनी साहित्य व शास्त्र यांच्या चर्चेसाठी सभा स्थापन केली आणि तिच्या मराठी व गुजराती शाखांना ‘ज्ञानप्रसारक’ हे नाव मिळाले. सामान्य माणसाने आपल्या भाषेत शास्त्रावर बोलावे, हा विचार मुंबईत पावणेदोनशे वर्षांचा आहे. १९६६ साली स्थापन झालेल्या मराठी विज्ञान परिषदेने तोच वसा पुढे चालवला. तेव्हा वाद व्हावेत, अवश्य व्हावेत. मात्र ते कसे व्हावेत, एवढ्यापुरते मला आज बोलायचे आहे.

मराठी भाषेत दोन अगदी छोटे शब्द आहेत : ‘च’ आणि ‘ही’. ‘असेच आहे’ म्हटले की दार बंद होते. ‘असेही आहे’ म्हटले की दार उघडे राहते. बहुतेक वाद विषयावरून पेटत नाहीत, या ‘च’वरून पेटतात. कुठे ‘च’ म्हणावे आणि कुठे ‘ही’ म्हणावे, हे ज्याला कळले त्याला वाद करण्याचा अधिकार मिळाला, असे मी मानतो.

हत्ती आणि आंधळ्यांची गोष्ट आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. ती पुन्हा न सांगता मी माझ्या व्यवसायातला दाखला देतो. मुंबईत साडीवर मॅचिंग ब्लाउजपीस शोधणे ही एक विद्या आहे. दुकानात, ट्यूबलाइटखाली, साडी आणि ब्लाउजपीस यांचा रंग तंतोतंत जुळतो. भगिनी समाधानाने पैसे देतात. दुकानाच्या पायरीवर जाऊन उन्हात पाहतात, तो एक तांबूस आणि दुसरा जांभळट! दुकानदाराने फसवले, असे त्यांना वाटते. दुकानदार शपथेवर सांगतो की रंग एकच आहे. यात खोटे कोणीही बोलत नाही. दोन कापडे निरनिराळ्या रंगद्रव्यांनी रंगवलेली असतात. ट्यूबच्या प्रकाशात काही रंगांचा भाग अधिक असतो, काहींचा कमी; सूर्यप्रकाशात सर्व रंग भरपूर असतात. म्हणून एका प्रकाशात जुळलेली जोडी दुसऱ्या प्रकाशात फुटते. जाणती भगिनी म्हणूनच कापड दारापाशी नेऊन पाहते आणि जाणता दुकानदार तिला अडवत नाही. ‘रंग जुळतो की नाही’ या प्रश्नाला एका शब्दात उत्तर नाही. ‘कोणत्या प्रकाशात?’ हा उलट प्रश्न विचारला की उत्तर लगेच मिळते.

आपल्या परंपरेत ‘स्यात्’ या शब्दाचा अर्थ पुष्कळजण ‘कदाचित’ असा करतात. तो अपुरा आहे. ‘स्यात्’ म्हणजे एका विशिष्ट अपेक्षेने, एका विशिष्ट बाजूने. कोणत्या प्रकाशात पाहिले ते सांगून मग विधान करणे, हा त्याचा व्यवहारातला अर्थ. आधुनिक विज्ञानाच्या थोर अभ्यासकांनाही या विचाराचे मोल वाटले. भारतीय संख्याशास्त्राचे आधारस्तंभ प्रा. प्रशांतचंद्र महालनोबीस यांनी १९५४ साली संख्याशास्त्राच्या पायाविषयी लिहिताना स्याद्वादाचा परामर्श घेतला आणि जे. बी. एस. हाल्डेन या जीवशास्त्रज्ञांनी १९५७ साली ‘संख्या’ या नियतकालिकात स्याद्वादावर स्वतंत्र लेखच लिहिला.

आता आपल्या उपनगराचाच एक दाखला पाहू. २६ जुलै २००५ चा पाऊस येथील कोणीही विसरणार नाही. २७ जुलैच्या सकाळी साडेआठला संपलेल्या चोवीस तासांत सांताक्रूझच्या वेधशाळेत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदवला गेला. त्याच चोवीस तासांत, त्याच शहरात, कुलाब्याला नोंदला गेला सुमारे ७३ मिलिमीटर. त्या दिवशी कुलाब्याचा माणूस ‘पाऊस नेहमीसारखाच आहे’ म्हणाला असता तर तो खोटे बोलला नसता. आणि सांताक्रूझच्या पलीकडे जोगेश्वरीत आपण ‘प्रलय आला आहे’ म्हणत होतो, तेही खरे होते. ‘मुंबईत फार पाऊस झाला काय?’ हा प्रश्नच अपुरा होता, ‘मुंबईत कुठे?’ असे विचारणे भाग होते. येथे ‘ही’ शोभतो. परंतु सांताक्रूझच्या पर्जन्यमापकात ९४४ मिलिमीटरच पाणी होते. तेथे ‘माझ्या मते पाचशे’ असे म्हणण्याची सोय नाही. मोजलेल्या गोष्टीपुढे ‘च’ शोभतो.

येथे एक सावधगिरीची सूचना केली पाहिजे. अनेकान्त म्हणजे ‘सगळेच बरोबर’ असा सोपा अर्थ काहीजण काढतात आणि वाद मिटवल्याचे समाधान मानतात. तसे असते तर माझा धंदा एक दिवसही चालला नसता. माझ्या वडिलांच्या पिढीने कापड वाराने विकले. १९५६ च्या कायद्याने दशमान मापे आली आणि पुढच्या काही वर्षांत वार जाऊन मीटर आला. वार ९१.४४ सेंटिमीटरचा, मीटर १०० चा. पाच वार आणि पाच मीटर यांत जवळजवळ ४३ सेंटिमीटरचा फरक पडतो. नऊवारी साडीने नाव वाराचे ठेवले, पण बिल मीटरवर होते. आता गिऱ्हाईक म्हणाले, ‘पाच वार म्हणजेच पाच मीटर, हा तुमचा-माझा दृष्टिकोन आहे,’ तर गल्ल्यावर बसलेला माणूस काय करील? दुकानातल्या मीटरपट्टीवर वैधमापनशास्त्र खात्याची मुद्रा असते आणि तिची ठरावीक मुदतीने पडताळणी होते. मतभेदाला जागा आहे. पट्टीला मतभेद नाही. बाजू अनेक असू शकतात, पण प्रत्येक बाजू आपल्या जागी तपासून पाहता आली पाहिजे.

म्हणून कोणत्याही वादाच्या आरंभी तीन प्रश्न विचारावेत. पहिला : कोणत्या परिस्थितीत? दुसरा : किती? आणि तिसरा, सर्वांत कठीण : काय दिसले तर मी माझे मत सोडीन? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर ज्याच्याकडे नाही, तो वाद करीत नसून केवळ आवाज करीत असतो.

पंख्याचाच वाद घेऊ. घरातले आजोबा म्हणतात, ‘पंखा हळू ठेवून वीज वाचत नाही.’ नातू म्हणतो, ‘वाचते.’ पहिला प्रश्न विचारा : कोणत्या रेग्युलेटरने? जुन्या काळचा मोठा, तापणारा रेग्युलेटर पंख्याकडे जाणारी वीज कमी करी खरी, पण बरीचशी वीज स्वतःच्या वेटोळ्यात उष्णतेच्या रूपाने घालवी. बचत होई ती थोडीच. आजचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर तशी उष्णता फारशी घालवत नाही. त्यात बचत चांगली होते. आजोबा त्यांच्या रेग्युलेटरविषयी बोलत असतात, नातू त्याच्या. दोघेही आपापल्या जागी बरोबर आहेत. आता दुसरा प्रश्न, किती? त्यासाठी घरातच साधन आहे. आपल्या विजेच्या मीटरवर एक लहान दिवा लुकलुकतो आणि एका युनिटला तो किती वेळा लुकलुकणार तो आकडा मीटरवरच छापलेला असतो. समजा तो आकडा ३२०० आहे. फ्रिज, दिवे, सर्व काही बंद करावे आणि फक्त पंखा पूर्ण वेगाने चालवावा. जुन्या पद्धतीचा ७५ वॅटचा पंखा असेल तर दिवा मिनिटाला ४ वेळा लुकलुकेल. मग पंखा हळू करून पुन्हा दहा मिनिटे मोजावे. अर्ध्या तासात जो निकाल लागतो त्यासाठी आपण वर्षानुवर्षे रात्रीच्या जेवणावर भांडत असतो! आणि आजोबांनी घड्याळ धरले, नातवाने लुकलुकणे मोजले, तर घरात वीज किती वाचली यापेक्षा मोठी गोष्ट साधली जाते. मोठ्यांचा अनुभव आणि लहानांचे शिक्षण एकाच कागदावर येते.

कापडाचेही तसेच. ‘हे शुद्ध सुती आहे’ असे मी शंभर वेळा सांगितले तरी तो माझा ‘च’ झाला. किनारीचा एक धागा काढून सावधपणे ज्योतीला लावावा. सुती धागा पटकन पेटतो, कागद जळाल्यासारखा वास येतो आणि मऊ राखाडी राख उरते. पॉलिएस्टर ज्योतीपासून आक्रसते, वितळते आणि थंड झाल्यावर कडक मणी उरतो. राखेबरोबर मणीही उरला तर मिश्रण आहे असे समजावे. येथे दुकानदाराच्या वयाचा, प्रतिष्ठेचा किंवा आवाजाचा काही संबंध राहत नाही. साक्ष धागा देतो.

तिसऱ्या प्रश्नाचे एक आदर्श उदाहरण आपल्या महाराष्ट्रातच घडले. प्रख्यात खगोलशास्त्रज्ञ डॉ. जयंत नारळीकर यांनी डॉ. नरेंद्र दाभोलकर व इतर सहकाऱ्यांच्या मदतीने २००८ साली पुण्याहून फलज्योतिषाची एक चाचणी घेतली. हुशार विद्यार्थी आणि बौद्धिकदृष्ट्या अक्षम मुले, अशा दोन गटांतील एकूण २०० पत्रिका जमवण्यात आल्या. चाचणीत भाग घेणाऱ्या ज्योतिषांना प्रत्येकी ४० पत्रिका देऊन ‘ही पत्रिका कोणत्या गटातील?’ एवढेच विचारले. २७ ज्योतिषांनी उत्तरे पाठवली. नाणे उडवून उत्तर दिले तरी सुमारे निम्मी बरोबर येतात. येथे बरोबर उत्तरांचे सरासरी प्रमाण निम्म्याहून थोडे कमीच भरले. २००९ साली हे निष्कर्ष ‘करंट सायन्स’मध्ये प्रसिद्ध झाले. या निकालाने कोणाचे मन बदलले, कोणाचे नाही. मला त्यातील पद्धत महत्त्वाची वाटते. कसोटी काय, किती बरोबर आले तर यश म्हणायचे, हे सारे निकालाच्या आधी ठरले होते. आपण मात्र निकाल आधी ठरवतो आणि कसोटी मागाहून शोधतो.

आता ज्या वादांची कसोटी घरी घेता येत नाही, त्यांचे काय? टॉवरचा प्रश्न असा आहे. २०११ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संशोधन संस्थेने मोबाइलच्या लहरींना ‘शक्यतः कर्करोगकारक’ या वर्गात घातले. ‘शक्यतः’ म्हणजे पुरावा मर्यादित आहे, संशय पूर्ण फिटलेला नाही, अधिक तपास व्हावा. सोसायटीच्या सभेत मात्र एका पक्षाने त्याचे ‘सिद्धच झाले’ असे भाषांतर केले आणि दुसऱ्या पक्षाने ‘काहीच नाही’ असे. १ सप्टेंबर २०१२ पासून भारत सरकारने टॉवरच्या लहरींची मर्यादा आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक-दशांशावर आणली. अशा विषयात जाणकारांच्या शब्दाचे वजन जसेच्या तसे सांगणे, त्यात आपले पदरचे माप न घालणे, हेच आपले कर्तव्य. औषधांच्या बाबतीत तर हे दुप्पट लागू. बाकावर कोणीतरी ‘या पाल्याने साखर जातेच’ असे सांगतो आणि ऐकणारा डॉक्टरांच्या गोळ्या बंद करतो. त्या एका ‘च’ची किंमत दुसऱ्याच्या मूत्रपिंडाने आणि डोळ्यांनी चुकवावी लागते.

जमाखर्च लिहिणाऱ्यांना मी सांगायला नको की तेरीज जुळली नाही तर आपण काय करतो. फरकाची रक्कम कोणाच्याही नावावर ढकलून मोकळे होत नाही. ती सस्पेन्स खात्यावर ठेवतो आणि कारण सापडेपर्यंत शोधत राहतो. मनातही असे एक सस्पेन्स खाते असावे. जे ठाऊक नाही, जे अद्याप ठरलेले नाही, ते तेथे ठेवावे. ‘ठाऊक नाही’ म्हणणे हा पराभव नसून हिशेबाचा चोखपणा आहे. आणि व्हाउचर नसलेला खर्च जसा ऑडिटर मान्य करीत नाही, तसे पुराव्याशिवाय आलेले विधान, मग ते कितीही जवळच्या माणसाने पाठवलेले असो, मनाच्या खतावणीत चढवू नये.

१८ ऑगस्ट २००६ च्या रात्री माहीमच्या किनाऱ्यावर जे घडले ते आपणास आठवत असेल. समुद्राचे पाणी गोड झाले, अशी वार्ता पसरली. हजारोंनी लोक जमले, पाणी प्याले, मुलांना पाजले, बाटल्या भरून घरी नेल्या. पाणी खरोखरच नेहमीपेक्षा कमी खारट लागत होते. लोकांची जीभ खोटे बोलत नव्हती. पावसाळ्यात मिठी नदीचे गोडे पाणी तेथे समुद्राला मिळते आणि गोडे पाणी खाऱ्याहून हलके असल्याने वरच्या थरात राहते. ‘पाणी कमी खारट आहे’ येथवर निरीक्षण होते. ‘म्हणून ते पवित्रच आहे आणि त्याने रोग जातातच’ हे दोन ‘च’ कोणीही न तपासता जोडले. तीच मिठी उपनगरांचे सांडपाणीही वाहून आणते, हे त्या रात्री कोणाच्या ध्यानात राहिले नाही. पाणी पिऊ नका, असे प्रशासनाला विनवावे लागले.

त्याहून दारुण गोष्ट १ जुलै २०१८ ची. धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात राईनपाडा येथे आठवडे बाजाराच्या दिवशी नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच भिक्षेकरी जमावाच्या मारहाणीत मृत्यू पावले. मुले पळवणारी टोळी फिरते आहे, असे संदेश त्या दिवसांत मोबाइलवरून गावोगाव पोहोचले होते. सोलापूर जिल्ह्यातून पोट भरण्यासाठी आलेली ती माणसे ‘तीच टोळी’ ठरली. त्या गर्दीत एका माणसाने मोठ्याने एकच प्रश्न विचारायला हवा होता : ‘कोणाचे मूल हरवले आहे?’ शास्त्र शिकलेला माणूस लागत नव्हता, प्रयोगशाळा लागत नव्हती. एक प्रश्न लागत होता. त्याच महिन्यात भारतात एक संदेश एका वेळी पाचांहून अधिक ठिकाणी पुढे पाठवता येऊ नये, अशी मर्यादा व्हॉट्सअॅप कंपनीने जाहीर केली. परंतु यंत्राला घातलेला लगाम जिभेला लागू होत नाही. अहिंसेचे नाव घेणाऱ्या आपण सर्वांनी हे ध्यानी घ्यावे की न तपासलेले वाक्य हेही शस्त्र होऊ शकते आणि ते पुढे सरकवणारा हात आपलाही असू शकतो.

जाता जाता आपल्या घरातील एका सवयीविषयी नम्रपणे बोलतो. आपले अनेक आचार, उकळलेले पाणी, सूर्यास्तापूर्वीचे भोजन, हे ‘विज्ञानाने सिद्धच झाले आहेत’ असे आपण अभिमानाने सांगतो. पाणी उकळल्याने रोगजंतू मरतात, हे खरेच आहे. पण आपल्या पूर्वजांनी जीवदया आणि संयम यांसाठी हे आचार धरले; त्यांना प्रमाणपत्राची गरज नव्हती. श्रद्धेच्या खात्यातली रक्कम विज्ञानाच्या खात्यावर दाखवली तर दोन्ही खाती बिघडतात आणि तरुण मुले एका खात्यातील चूक पाहून दुसरेही खाते नाकारतात. ज्याचे कारण संयम आहे तेथे ‘संयमासाठी’ असेच सांगावे. मुलांना ते अधिक पटते, असा माझा अनुभव आहे.

शेवटी एक छोटी सूचना विश्वस्तांपुढे ठेवतो. आपल्या वाचनकक्षात एक जाड वही ठेवावी. रोजमेळीसारखी डावी-उजवी बाजू आखलेली. डावीकडे वादाचा विषय आणि कोणाचे म्हणणे काय ते लिहावे. उजवीकडे कसोटी काय ठरली आणि निकाल काय लागला ते. जो वाद सुटला नाही त्यापुढे ‘शिल्लक’ असा शेरा मारावा. दर महिन्याला एक वृद्ध आणि एक विद्यार्थी यांनी मिळून एक शिल्लक वाद तपासावा. गरज पडल्यास वरळीच्या नेहरू विज्ञान केंद्रात किंवा चुनाभट्टीच्या मराठी विज्ञान परिषदेत जाऊन विचारावे. खर्च एका वहीचा आणि लोकलच्या दोन तिकिटांचा. वहीतले पहिले पान पंख्याचे असावे, कारण तो वाद आपल्या प्रत्येकाच्या घरी आहे आणि त्याचा मीटर दाराबाहेरच लावलेला आहे.